मुतारीसमोरची खुर्ची

नोकरीची शेवटची काही वर्षं मी मुलांच्या मुतारीसमोर खुर्ची टाकून बसत होते. हे वाक्य मी पहिल्यांदा आमच्या होऊ घातलेल्या विहीणबाईंसमोर बोलले, तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या मुलाकडं असं काही पाहिलं की मला वाटलं, मोडतंय लग्न. "तुम्ही शाळेत पर्यवेक्षिका होतात असं कळलं होतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "होतेच की. तिथं बसूनच पर्यवेक्षण करायचे." मुलानं टेबलाखालून मला पाय मारला. लग्न झालं, सगळं छान आहे, पण त्या घरात अजूनही माझी ओळख करून देताना 'शिक्षणक्षेत्रात होत्या' एवढंच सांगतात.

तर आता खुर्चीचं सांगते. नेरूळच्या आमच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. मग केस पिकले म्हणून मला पर्यवेक्षिका केलं. पर्यवेक्षिका म्हणजे काय, हे बाहेरच्या लोकांना समजत नाही. मुख्याध्यापकांना जे करायचं नसतं आणि शिक्षकांना जे जमत नसतं, ते सगळं तिनं करायचं. त्यात पोरांच्या मारामाऱ्या आल्या, चिडवाचिडवी आली, दादागिरी आली, आणि या सगळ्यांचे पालकही आले. पालक हा प्रकार मारामारीपेक्षा अवघड. पोरं दुसऱ्या दिवशी एकाच पुडीतली बोरं खाताना दिसतात, पालक मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्षभर एकमेकांना ठराव पास करू देत नाहीत.

आमचे इतिहासाचे सर भांडण सोडवताना नेहमी विचारायचे, "सुरुवात कोणी केली?" झालं! मग तो म्हणतो यानं, हा म्हणतो त्यानं, आणि खणत खणत प्रकरण बालवाडीत सांडलेल्या वरणभातापर्यंत जायचं. मी पडले भूगोलाची. मी विचारायचे, "कुठं झालं?" आणि सगळ्यांची उत्तरं तीच. मुतारीत, मुतारीबाहेर, नाहीतर शेजारच्या जिन्याच्या वळणावर. वर्गात मारामारी करायला कोणी येडा नसतो. जिथं मोठ्या माणसाचं नाक जात नाही, तिथं पोरांचं राज्य असतं. म्हटलं, मग माझं नाक तिथं न्यायला काय हरकत आहे? स्टाफरूममधली एक हात मोडकी प्लास्टिकची खुर्ची उचलली, छोट्या सुट्टीत तिथं नेऊन टाकली आणि पेपर वाचत बसले. ओरडणं नाही, शिट्टी नाही, काही नाही. नुसतं बसायचं. पहिल्या आठवड्यात पोरं मला बघून बाहेरूनच परत फिरायची. पुढच्या तासाला प्रत्येक वर्गातून "मॅडम, बाथरूमला जाऊ?" सुरू झालं तेव्हा शिक्षकांनी माझ्याविरुद्ध बंडच केलं. हळूहळू पोरं सरावली. भांडणं कमी झाली म्हणण्यापेक्षा ती दुसरीकडं गेली, आणि मीही खुर्ची घेऊन त्यांच्या मागं गेले, कधी पाण्याच्या टाकीजवळ, कधी सायकल स्टँडला. पण मुक्काम मुतारीसमोरच. पोरांनी माझं नाव 'खुर्चीबाई' ठेवलं. त्याआधी मला 'पठारबाई' म्हणायचे, त्यामानानं ही बढतीच होती.

एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलं, पर्यवेक्षिका कुठं बसतात? शिपायानं सरळ बोट दाखवलं. साहेब आले, मला पाहिलं, माझ्यामागचा बोर्ड पाहिला, आणि आल्या पावली गेले. मुख्याध्यापकांची अब्रू गेली. आमचे मुख्याध्यापक म्हणजे देवमाणूस, पण दिसण्याचं त्यांना फार. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या खुर्चीशेजारी एक शोभेची कुंडी आणून ठेवली, म्हणजे जरा ऑफिससारखं वाटेल. त्या कुंडीतलं झाड फार दिवस जगलं नाही. पोरं त्याला काय घालायची ते मी लिहीत नाही, दिवाळी अंक घरोघरी वाचला जातो.

मुख्याध्यापक सरांचे स्वतःचे उपायही असत. 'हिंसामुक्त शाळा' म्हणून त्यांनी घोषवाक्य स्पर्धा घेतली. पहिल्या नंबराचं घोषवाक्य 'भांडण सोडा, माणसं जोडा'. ते आपल्याकडून चोरलंय म्हणून दुसऱ्या नंबरवाल्यानं पहिल्या नंबरवाल्याचं पोस्टर त्याच्या डोक्यात घातलं. मग दोघांना सरांसमोर आणून शेकहँड करायला लावलं. हा शेकहँड म्हणजे मोठ्या माणसांचा आवडता भाबडेपणा आहे. त्या शेकहँडमध्ये पोरं एकमेकांची बोटं अशी आवळतात की डोळ्यांत पाणी येतं, आणि आपण म्हणतो, बघा, पश्चात्ताप झाला!

हे सगळं गमतीचं. पण या धंद्यात दादागिरीची एक जात अशी असते की तिची गंमत वाटत नाही, कारण ती दिसतच नाही. मारामारी दिसते. रक्त दिसतं, फाटलेला शर्ट दिसतो, आई धावत येते. पण जिथं कोणी कोणाला बोटही लावत नाही आणि तरी एक पोर रोज थोडं थोडं मरतं, तिथं काय पकडणार? तुषार जाधव हे त्यातलं पोर.

आठवीत होता. वयाच्या मानानं थोराड, रुंद खांद्याचा. वडील मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे, राहायला तुर्भ्याला. भूगोलात हा मुलगा महाराष्ट्राचा नकाशा हातानं काढायचा, बघून नाही, आठवून. कोकण किनारपट्टीचे सगळे कातरे जागच्या जागी. त्यामुळं माझा त्याच्यावर जीव होता. जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि एका सकाळी खुर्चीवरून मला जिन्यात दप्तरांचा एक ढीग वर चढताना दिसला. ढिगाला खाली दोन पाय होते. पाठीवर दोन, छातीवर दोन, दोन्ही खांद्यांना लटकलेली आणखी, आणि मधून तुषारचं हसरं तोंड. मागून पाच-सहा पोरं रिकाम्या हातांनी, वरात चालावी तशी. त्यांच्या पुढं सोहम पाटील, शिरवण्याचा, हातात फक्त पाण्याची बाटली. सगळा जिना हसत होता. तुषारसुद्धा.

स्टाफरूममध्ये विचारलं तर जो तो तुषारवर खूश. "किती गुणी मुलगा! कोणाला नाही म्हणत नाही!" सर तर म्हणाले, "आजकाल असा सेवाभाव कुठं बघायला मिळतो?" मी त्याला खुर्चीजवळ बोलावलं.

"तुषार, ही दप्तरं तू आपणहून घेतोस?"

"हो मॅडम."

"की कोणी घ्यायला लावतं?"

"हो मॅडम."

"अरे, दोन्ही कसं हो? त्रास होतो का?"

"हो मॅ... म्हणजे तसं काही... हो मॅडम."

"पृथ्वी चौकोनी आहे?"

"हो मॅडम," आणि हसला. मला हसू आलं नाही. या पोराच्या तोंडातून 'नाही' हा शब्दच कोणीतरी काढून घेतला होता.

जुलैत त्याचे आईवडील मला ऑफिसात भेटायला आले. आई डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी राहिली, वडील खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. आई म्हणाली, "बाई, पोरगं सकाळी उठलं की पोट धरून बसतंय. वकतंय. डाक्टरला दावलं. डाक्टर म्हनला, पोटात काय न्हाय. मग पोटात न्हाय तर कुटं हाय?"

मी दप्तरांचं सांगितलं. वडिलांनी मान वर केली.

"किती दप्तरं म्हनला मॅडम?"

"पाच-सहा. कधी सातसुद्धा."

"येका खेपेत?"

"हो."

"आन् वर तिसऱ्या मजल्याला?"

"हो हो."

वडिलांची छाती चांगली वीतभर फुगली. बायकोकडं वळून म्हणाले, "बगितलंस? माजं रगात हाय."

"काय बगू, कपाळ?" ती उसळली. "तुमी गोनी उचलताय त्येची मजुरी घरी येती. ह्येला काय मिळतंय? उलट ह्येचाच डबा खात्यात मेले!" मग माझ्याकडं वळली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "परवा मला म्हनला, आई, मला मामाकडं गावाला पाठव. शेरडं राखीन, पन त्या शाळेत न्हाय जात. दिवाळीला आमी गावी जानार हाय बाई. तवा दाखला घिऊनच जातो. ल्योक जिता ऱ्हायला म्हंजी बास."

मामाच्या गावात शाळा होती, नव्हती असं नाही. पण मला या प्रकारातलं एक ठाऊक आहे. पळून गेलेलं पोर पुढच्या शाळेत पाऊल टाकतं ते आधीच मान खाली घालून, आणि तिथल्या सोहमला ते लांबून कळतं. वर्षानुवर्षं मी असे दाखले जाताना पाहिले. कारणाच्या रकान्यात 'पालकांची बदली' लिहिलेलं असायचं. त्यातली एक मुलगी, सातवीतली, केसांना खूप तेल लावून यायची, तिच्या नाकाला सगळे रुमाल लावायचे. तिचा दाखला गेला आणि मागाहून मला कळलं की घर तर शाळेच्या मागच्या गल्लीतच आहे, बदलीबिदली काही नाही. ती कुठं असेल, कशी असेल, अजून मनात येतं, आणि वाईट वाटतं. म्हणून मी तुषारच्या आईला हात जोडले. म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांबा. फरक पडला नाही तर दाखला मी स्वतः आणून देईन." योगायोग असा की दिवाळीच्या तोंडावरच मी निवृत्त होणार होते. म्हणजे माझा आणि तुषारचा दाखला एकाच वेळी निघायचा होता.

पहिल्यांदा मी जे सगळे करतात तेच केलं. सोहमला बोलावून सणसणीत झापलं. दुसऱ्या दिवशी शिरवण्याहून त्याची आजी रिक्षा करून आली. नऊवारी, नाकात नथ, हातात पिशवी. दारातूनच आवाज, "कोन ती बाई माझ्या नातवाला रागावली?"

"मी, आजी. बसा."

"बसाला नाय आयलू. माझ्या पोऱ्यानं त्याला मारलान का?"

"नाही."

"शिवी दिलान?"

"नाही."

"मंग काय केलान त्यानं?"

"दप्तर उचलायला लावलं."

"कोनचा दप्तर?"

"सोहमचं. स्वतःचं."

"आनि त्यो दुसरा पोर दप्तर उचलतो तवा आमचा सोहम काय करतो?"

"मागून चालतो. हातात पाण्याची बाटली असते."

"नवरदेव हाय का त्यो?" आजी कडाडल्या. मग त्यांनी जे काही सुनावलं ते सोहमला ऐकू जावं म्हणून मी दार उघडंच ठेवलं. जाताना पिशवीतली सुक्या जवळ्याची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. मी नको म्हटलं, त्या म्हणाल्या, "तुला नाय, तुझ्या रागाला." दुसऱ्या दिवशी फाटकातून सोहम आला तो पाठीवर स्वतःचं दप्तर, हातात आजीची बाजाराची पिशवी, आणि मागं मोकळ्या हातांनी आजी, अशा थाटात. अख्ख्या शाळेनं पाहिलं.

मला वाटलं, गड जिंकला. कसला गड! रोग जिन्यातून उठला आणि मैदानात गेला. आता दप्तरं दिसत नव्हती, पण तुषार सगळ्यांच्या बाटल्या भरत होता. क्रिकेटमध्ये दिवसभर फिल्डिंग, बॅट एकदाही नाही. नाल्यात गेलेला बॉल आणायला तुषार. डब्यातली पोळीभाजी दुसऱ्यांना, आणि दुसऱ्यांच्या डब्यातली दुधी तुषारला. सकाळची पोटदुखी तशीच. सोहमनं आता दोन गोष्टी शिकून घेतल्या होत्या, एक, बाईंच्या खुर्चीकडं पाठ करायची, आणि दोन, बोलायचं हळू.

मग मी सोहमला सोडलं आणि हसणाऱ्यांना धरलं. या कामात मला कळलेली एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, तेवढी सांगते. दादागिरी दोघांत नसते. एक करणारा, एक सोसणारा, आणि बाकी सगळे बघणारे. करणाऱ्याला सोसणाऱ्याशी काही देणंघेणंच नसतं, त्याला बघणाऱ्यांचं हसू हवं असतं. ते बंद पडलं की त्याचं दुकान बसतं. आठवीत सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती झोया मुकादम. घरचे श्रीवर्धनकडचे, वडिलांचं सुक्यामेव्याचं दुकान. वर्गात पहिली, जिभेला हाड नाही. तिला बोलावलं.

"मॅडम, मी काय केलं? मी तर फक्त हसले."

"किती वेळा?"

"रोज," ती म्हणाली.

"उद्या नको हसूस. एवढंच."

"मॅडम, सगळे हसतात ना, तेव्हा आपण एकटंच गप्प उभं राहायचं म्हणजे जाम टेन्शन येतं."

खरं बोलली पोरगी. मोठ्यांनासुद्धा येतं. मी म्हटलं, बघ, जमलं तर. तिला जमलं ते तिच्या पद्धतीनं. दोन दिवसांनी टाकीजवळ सोहम म्हणाला, "ए तुषार, माझी बाटली भर." झोया मागून म्हणाली, "का रे सोहम, नळ चावतो तुला?" सगळे फुटले, पण या वेळी हसू सोहमकडं वळलं. सोहमनं लाल तोंडानं बाटली भरली, अर्धी पँट भिजवून. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशी वर्गातली निम्मी पोरं सोहम दिसला की नळासारखा 'चर्रर्र' आवाज काढायला लागली. मी कपाळाला हात लावला आणि झोयाला पुन्हा बोलावलं. म्हटलं, "बाई गं, एकदा विचारायचं आणि विषय सोडायचा. नाहीतर पुढच्या महिन्यात मला सोहमच्या पोटदुखीचं औषध शोधावं लागेल." तिनं ऐकलं. सोहमची आजी पुन्हा आली असती तर माझी खैर नव्हती.

पण तुषारचं तोंड अजून 'हो'च म्हणत होतं. दोष त्याचा नव्हता, हे आधीच सांगते. ओझं देणाऱ्यानं द्यायला नको होतं, बस. तरी पुढं जन्मभर त्याला कोणीतरी बाटली भरायला सांगणारच होतं, आणि दरवेळी झोया कुठून आणायची? म्हणून छोट्या सुट्टीत मी त्याचा सराव घ्यायला लागले. मुतारीसमोर, खुर्चीत बसून. मी काहीतरी अचाट काम सांगायचं आणि त्यानं 'नाही' म्हणायचं, एवढाच नियम.

"तुषार, माझी खुर्ची डोक्यावर घेऊन मैदानाला एक चक्कर मार."

पोरानं खुर्चीला हात घातला. मी तिच्यात बसलेली!

"अरे, सोड! नाही म्हण!"

"हो मॅडम."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "तुषार, मुख्याध्यापकांच्या टकलावर टपली मारून ये." तो निघाला नाही, पण घामाघूम झाला. तोंडातून 'न' आला, पुढं गाडी सरकेना. मुतारीला आलेली पोरं भोवती जमायला लागली. हा मोफत तमाशा त्यांना फारच आवडला. तुषारचा आवाज बंद, पण त्यांच्या सूचना भरपूर. झोयाही पुढं झाली. "तुषार, माझ्या डब्यातलं कारलं खा." त्यानं कारल्याकडं पाहिलं. ओठ हलले.

"थोडंच खातो," तुषार म्हणाला.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मी लग्न झाल्यापासून हाच सराव करतोय, मला अजून जमलेलं नाही." त्याला मी त्या दिवशी कारलंच वाढलं.

असं करत करत नवरात्र आलं. दिवाळी डोक्यावर. आणि अशातच सरांनी मासिक सभेत जाहीर केलं, या वर्षीचा 'सेवाभावी विद्यार्थी' पुरस्कार तुषार जाधवला. मी धावत केबिनमध्ये गेले.

"सर, हे बक्षीस नका देऊ."

"का हो? सगळ्या शिक्षकांनी एकमुखानं नाव दिलंय."

"सर, ते पोर ओझ्याखाली दबलंय."

"म्हणूनच तर सत्कार!" सर म्हणाले. "प्रमाणपत्र छापून झालंय मॅडम, फ्रेमही आलीय." फ्रेम आली म्हणजे संपलं. देवमाणसापुढं कोण बोलणार? मी खुर्चीवर येऊन बसले आणि मला अक्षरशः रडू आलं. एवढे महिने ज्या गोष्टीतून पोराला बाहेर ओढत होते, त्याच गोष्टीला आता चौकट लावून भिंतीवर टांगायची होती. एकदा शाळेनं टाळ्या वाजवल्या की पोर कायमचं अडकलं.

प्रार्थनेनंतर सगळी शाळा मैदानात उभी. सर स्टेजवर, हातात फ्रेम, समोर माइक. तुषारला वर बोलावलं. तो खांदे पाडून, हसत, नेहमीसारखा. सरांनी त्याच्या सेवाभावावर भाषण केलं, मग कौतुकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक त्याच्या तोंडाशी नेला. "असाच सगळ्यांची ओझी उचलत राहशील ना, बाळ?"

तुषारनं सरांकडं पाहिलं. मग खाली माझ्याकडं पाहिलं. मी स्टेजच्या कडेला उभी होते. मी काही खूण केली नाही, शपथ घेऊन सांगते. तोंड मात्र माझं सरावातल्यासारखं वाकडं झालं असावं. माइकची शिट्टी वाजली.

"नाही सर."

आवाज स्पीकरमधून थेट रिक्षा स्टँडपर्यंत गेला. सरांना वाटलं, पोर घाबरलं. ते हसून म्हणाले, "म्हणजे हो ना?"

"नाही सर. ज्याचं त्यानं उचलायचं."

कुणी हसलं नाही. आठवीच्या रांगेतून एक टाळी आली, ती झोयाची. मग दुसरी, मग सगळी आठवी, मग काय चाललंय हे न कळलेली पाचवीसुद्धा. सर गोंधळले, पण टाळ्या वाजतात म्हटल्यावर त्यांनीही वाजवल्या. मग काळजीनं हळूच विचारलं, ते माइकमधून सगळ्यांना ऐकू आलं, "अरे, पण प्रमाणपत्र तरी घेशील ना?"

"हो सर," तुषार म्हणाला आणि घेतलं.

चार दिवसांनी सोहम खुर्चीजवळ आला. एकटाच. कुंडीच्या कडेवर बसला. "मॅडम, तुषार आता माझ्याशी बोलतच नाही."

"आधी तू त्याच्याशी बोलायचास?"

"रोज!"

"काय बोलायचास?"

त्यानं आठवलं. "उचल... आण... धर..." आणि स्वतःच थांबला. सोहमला मी वाईट म्हणणार नाही. आई नाही त्याला, बाप दिवसभर साइटवर. आपल्या मागून वरात चालते म्हणूनच आपण कोणीतरी आहोत, एवढंच त्याला कळलं होतं. मी म्हटलं, "त्याला विचार, बॅटिंग करतोस का."

"तो नाही म्हणाला तर?"

"तर नाही."

"मला नाही म्हणेल?"

"त्याचा सराव झालाय," मी म्हटलं. पहिल्या दिवशी तुषार खरंच नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी बॅट घेतली आणि पहिल्याच बॉलला त्रिफळा उडाला. मी खुर्चीवरून बघत होते, मला इतका आनंद कधी झाला नव्हता. त्याची पोटदुखी थांबली का, ते मात्र मला कळेना. आईला निरोप पाठवला, तर उत्तर आलं, "बगू. दाखल्याला येतेच हाय."

शेवटचा दिवस उजाडला. निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, चांदी म्हणून दिलेला एक गणपती, भिंतीवरचं घड्याळ, फुलांचे गुच्छ. सरांचं भाषण झालं आणि शेवटी त्यांनी ती हात मोडकी प्लास्टिकची खुर्ची स्टेजवर आणवली. वर सॅटिनची रिबीन. "मॅडम, ही तुमच्याशिवाय शाळेत शोभणार नाही," सर म्हणाले. याच खुर्चीपायी त्यांची अब्रू गेली होती, पण मी रडत होते म्हणून काही बोलले नाही.

फाटकापर्यंत सगळे आले. मला घरी कामोठ्याला न्यायला रिक्षा उभी होती. तेवढ्यात पलीकडून तुषारची आई आत येताना दिसली, इस्त्रीची साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. आली बाई दाखला न्यायला. माझे हात सामानानं भरलेले, शालीवरून नारळ घरंगळत होता. समोर तुषार उभा होता. सवय वाईट. तोंडातून निघून गेलं, "तुषार, बाळा, हे एवढं सगळं रिक्षात नेऊन ठेवतोस का रे?"

तुषारनं सामानाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"नाही मॅडम."

सर दचकले. शिपाई दचकला. खरं सांगते, मीही दचकले, आणि क्षणभर मला रागसुद्धा आला. निरोपाच्या दिवशी!

"खुर्ची मी घेतो," तुषार पुढं म्हणाला. "नारळ आणि शाल तुमचं तुम्ही घ्या, हलकं आहे. घड्याळ सोहम घेईल. सोहम, घेशील ना?"

"हो," सोहम म्हणाला.

आमची वरात रिक्षापर्यंत गेली. रिक्षावाला आतूनच म्हणाला, "ए दादा, खुर्ची टाक ना टपावर, तू धट्टाकट्टा हायस."

"नाही काका. खाली उतरा आणि एक पाय तुम्ही धरा."

रिक्षावाला पुटपुटत उतरला. दोघांनी खुर्ची वर चढवली, रिबिनीनंच बांधली. मी वळून पाहिलं. तुषारची आई फाटकात थबकून हे सगळं बघत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं. ऑफिस डाव्या हाताला होतं. ती डावीकडं वळलीच नाही. कागदांची पिशवी काखेत मारून लेकाकडं आली, आणि म्हणाली, "चल घरी. ही पिशवी धर."

तुषार हसला. "नाही," म्हणाला, आणि पिशवी घेतली.